तीन सडांचं दूध

माझं म्हायेर कुंभारीचं, दिलं मंद्रूपला, आन दोन्हीकडं गोठाच. अक्षर कदी शिकले न्हाय, पर काय सांगू तुमाला, सात वर्साची हुते तवापासनं धार काढती. आता साठी उलटली. ल्योक सोलापुरात कारखान्यात जातो, सकाळी गेला की दिवेलागणीलाच येतो, म्हंजे घर आन आट जर्शी गाया आमा दोघींवर, मी आन सून सुरेखा. सून बारावी शिकलेली, तोंडानं कमी पर नजर लई बारीक.

गायीला दगडी झाली, म्हंजे कास सुजून टणक हुती आन सडातनं दुदाच्या गाठी येत्यात, की इंजेक्शन द्यायचं. जनावराचा डॉक्टर एकदा दावून गेला की म्होरलं आमचं आमीच. त्यो म्हणायचा मावशी पाच दिस पुरं करा, आमी दोन दिस करायचो, दूध निवळलं की सुई बंद, उरलेली बाटली भिंतीतल्या दिवळीत ठिवायची आन दुसरी गाय सुजली की तीच काढायची. समदा गाव तेच करतो की. आन औषद चालू असलं की डेअरीवाला दूध घेत न्हाय, मग ते काय वतून द्यायचं? माझ्या सासूबाई कानडी बोलायच्या, लई करारी बाई, त्यांनी मला नवी नवरी असतानाच बजावलं हुतं, दूध भुईवर सांडलं तर गायीची कास आटती. म्हणून डेअरीनं नाकारलेलं दूध घरात. त्याचं दही, त्याचं ताक, आमी समद्यांनी तेच खाल्लं.

औंदा उन्हाळ्यात आमच्या चांदणी गायीला दगडी झाली. एक सड खराब, तीन चांगले. ज्या सडात रोग, त्यो त्याच सडात ऱ्हातो, हे आमचं शास्त्र. माझी नात गौरी चार वर्साची, मी धारंला बसले की पेला घिऊन म्होरं हुबी. सुनंनं सांगितलेलं, आत्या, निरसं दूध तिला द्यायचं न्हाय, उकळून देत जाऊ. मी व्हय म्हणायची, आन ती आत गेली की त्या तीन सडांचं फेसाळ दूध पोरीला पाजायची. असलंच पिऊन आमी वाढलो, ही कालची पोर मला काय शिकवती, असं वाटायचं. आन खोटं कशाला बोलू, आयला सोडून पोरगी माझ्याकडं पळत येती ह्याचं सुखबी हुतं.

मग पोरीला ताप आला, जुलाब, त्यात रगत. गावातल्या डॉक्टरनं औषद दिलं, उतार न्हाय. सोलापूरला दवाखान्यात भरती केली. सलाईनीतनं औषद चालू, पहिला दिस गेला, दुसरा गेला, औषद बदललं, तिसरा दिस आला तरी अंग नुसतं चुलीवानी. पोरगी रडायचीसुदा थांबली. रडत हुती तवर मला धीर हुता बगा.

चौथ्या दिशी डॉक्टरीणबाई रगताच्या तपासणीचा कागद घिऊन आल्या. म्हणाल्या ह्या जंतूवर नेहमीची औषदं चालंनात, निगरगट्ट झाल्यात ते, आन हे हिच्यात आलं कुटनं? घरी जनावरं हायत का, कच्चं दूध देता का? सुरेखा लगीच म्हणाली न्हाय हो बाई, आमच्यात उकळल्याबिगर देतच न्हाय. छातीवर हात ठिऊन म्हणाली. मी खाटंच्या पायाला धरून बसलेली. मनात आलं गप बसावं, कोण बगायला आलंय, गायी काय बोलत्यात थोडीच. मग पोरीनं नुसती मान वळवली, डोळं मिटलेलंच, आन माझ्या तोंडातनं निगालं, मी पाजलंय बाई, निरसं, आजारी गायीचं, रोज.

डॉक्टरीणबाईंनी जनावराचं औषद कंचं ते इचारलं, किती दिस देता ते इचारलं. ल्योकानं जनावराच्या डॉक्टरला फोन लावला. मी समदं सांगितलं, दोन दिस, दिवळीतली बाटली, समदं. सुरेखा भांडली न्हाय. माझ्या शेजारनं उटली आन खाटंच्या पल्याड जाऊन बसली, तेवडंच. भांडली असती तर बरं झालं असतं.

मग लई भारीतलं इंजेक्शन काढलं. बाई म्हणाल्या ह्याच्यावर भिस्त हाय, ह्याच्याम्होरं आमच्या हातात फार न्हाय. दोन दिस आमी तिगं एकमेकांकडं बगत न्हवतो, नुसतं तापाच्या कागदाकडं बगायचो. तिसऱ्या दिशी पोरीला घाम फुटला आन तिनं पाणी मागितलं. मी भाईर जाऊन रडले.

मागनं चांदणीच्या दुदाचीबी तपासणी झाली, तितंबी तीच औषदं चालंनात. मी बाईंना इचारलं, मग ते दुदातनंच आलं का? त्या म्हणाल्या छातीठोक सांगता येत न्हाय आजी, अर्धवट औषदानं जंतू असं हुत्यात एवडं खरं. त्यांनी मला सोडून दिलं, पर मी कुटं सोडती सोताला.

आता औषद लागलं तर पाच दिस पुरं करती, आन ते दूध खड्ड्यात वतती. पहिल्यांदा वतताना मनात सासूबाईंची माफी मागितली. शेजारीण म्हणाली म्हातारीचं डोस्कं फिरलं. म्हणू दे. सुरेखा बोलती माझ्याशी, कामापुरतं, दूध मात्र तीच तापवती, तीच पोरीला देती.

दवाखान्यातनं निगताना मी बाईंना इचारलं हुतं, परत आजारी पडली तर हेच औषद चालंल न्हवं? त्या म्हणाल्या, बगू आजी. म्हणून देवाकडं पोरीला ताप येऊ नये असं मी मागत न्हाय. लेकरू हाय, ताप यायचाच. आला तर साध्या औषदानं जाऊ दे, तेवडंच मागती. तुमच्याबी लेकरांचा जाऊ दे.