निवडुंगाचं सातवं पिल्लू

निवडुंग हलवताना काट्यांपेक्षा मदतीला येणाऱ्यांपासून जपावं. मी तुळिंजचं घर सोडलं, तेव्हा शेजारच्या मार्थामावशी आपणहून आल्या. "भाऊ, तुमचे हात फायलींचे. मी बांधते," म्हणत त्यांनी निवडुंगाभोवती वर्तमानपत्राची जाड घडी गुंडाळली. वर बजावलं, "नव्या कुंडीत लावलात की आठवडाभर पाणी नको." एवढी माया बघून मला संशय आला. विरारच्या नव्या घरी कागद सोडला, तर बुंध्याशी सातऐवजी सहाच पिल्लं. लगेच फोन लावला.

"मावशी, एक पिल्लू कमी आहे."

"मीच काढलं."

"अहो, मागितलं असतं तर दिलं असतं!"

"मागून आणलेलं रोप लागत नाही, भाऊ. चोरलेलंच लागतं."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? माझ्या गॅलरीतून तुम्ही उचललेलं बघा ना, कसं फोफावलंय!"