तेरा हजार फुटांवर पाण्याचा दिवस

...आणि थंडीचं मला काही नाही हो! थंडी असणारच, हिमालय आहे तो, आमच्या शहरातला क्रांती चौक आहे काय? दम लागणं, पाय सुजणं, तंबूत बूट उशाला घेऊन झोपणं, सगळं मान्य! पण तुम्हाला सांगतो, पाच दिवस, सलग पाच दिवस एक शब्द तोंडातून काढायचा नाही, आणि तो शब्द कोणता, तर पाणी! आणि माणसाला नेलंय कुठं, तर तळ्यावर! आता बोला!

झालं काय, आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. मी बायकोला म्हटलं, योगिनी, माग, काय पाहिजे ते माग. मला वाटलं, बांगड्या मागेल. तर म्हणते, "मला पाणी बघायचंय." म्हटलं, अगं, येईल की बुधवारी! आमच्या कॉलनीत आठव्या दिवशी येतं ना... तर तिनं असं बघितलं माझ्याकडं! "ते नाही हो. जे भरावं लागत नाही असलं पाणी. नुसतं बसून बघायचं." खरं होतं तिचं! सख्ख्या भावाच्या हळदीला गेली नाही ही बाई, का? तर पाण्याचा दिवस! व्हॉल्व्हवाला चावी कधी फिरवेल ते देवालाही ठाऊक नसतं, आणि मी शेंद्र्याला कंपनीत, शिफ्टचा माणूस, मी घरी सापडतो कधी? टाकी, पिंप, हंडे, कळशा, शेवटी वाट्यासुद्धा तिनंच भरल्या, पंचवीस वर्षं! म्हटलं, चल, म्हणशील तिथं जाऊ.

आता तळं शोधलं कुणी, तर आमचे शेजारी शौकतभाई. उत्तराखंडात, तेरा हजार फुटांवर! गाडी नाही, गाव नाही, मोबाईलला रेंज नाही. कॉलनीतले चौदा जण तयार झाले. मुनिराभाभी, म्हणजे शौकतभाईंच्या मिसेस, त्या मागं थांबल्या, कारण दोन्ही घरांचं पाणी भरायला कुणीतरी नको का? मी त्यांना घराची चावी दिली आणि सूचनांचा कागद दिला. आधी पिंप, मग टाकी, मोटार अशी, पाईप तसा... पाठपोट चार पानं झाली! ती योगिनीनं बघितली आणि कपाळाला हात लावला. "तिथं जाऊन पण तुम्ही हेच करणार! पाच दिवस त्याचं नाव काढायचं नाही. हिंदीत नाही, इंग्लिशमधे पण नाही. काढलं, की घरी आल्यावर वर्षभर तुम्ही भरायचं. एकट्यानं!" मी म्हटलं, हात्तिच्या, त्यात काय! नाव काढायचं नाही म्हणजे नाही!

अहो, कसलं त्यात काय! पहिल्याच दिवशी चढ लागला. वेरूळला सहा रविवार पायऱ्या चढून तयारी केलेला गडी मी, पण इथं दहा पावलांत जीभ टाळूला चिकटली. बाटली रिकामी! पुढं आमचा गाईड, बिष्ट नावाचा, डोंगरातलाच पन्नाशीचा शिडशिडीत माणूस. त्याला म्हटलं, "बिष्टजी, वो... वो देना जरा." तर म्हणतो, "वो क्या, सर जी?" आता काय सांगू? मागं योगिनी कान टवकारून उभी! मी आपली मूठ वळली आणि अंगठा तोंडाकडं नेला. तो इकडंतिकडं बघून माझ्या कानाशी आला, "सर जी, वो इधर अलाउड नहीं है. और आपकी उमर में, इतनी ऊँचाई पे..." सगळी पलटण खदाखदा हसली! शौकतभाईंनी तर काय म्हणावं? "क्या भाई, सुबे सुबेच?" माझी होती नव्हती ती इज्जत तिथं दरीत गेली. पण नाव काढलं का? नाही! काढायचं नाही म्हणजे नाही!

दुसऱ्या दिवशी ओढे, धबधबे, वरून टपटप, खालून बुळबुळ, बुटात शिरलं तरी मी गप्प. आणि तिसरा दिवस उजाडला... बुधवार! बुधवारी आमच्याकडं काय असतं? बरोबर! मुनिराभाभींनी मोटार बंद केली असेल का? पाईप उडाला असेल का? विचारायला रेंज नाही, आणि बोलायला बंदी! योगिनी शेजारनं चालताना म्हणते, "काय झालं?" म्हटलं, कुठं काय. "तुमच्या तोंडावर मोटार चालू दिसतीय मला." मी मान खाली घातली आणि चालत राहिलो.

आणि दुपारी बाराला पोचलो. तुम्हाला सांगतो... तळं! ह्या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत, निळंशार, काठाला बर्फ, आणि आवाज कसलाच नाही. सगळे आ वासून उभे. शेवटी शौकतभाई हळूच म्हणाले, "कित्ते टँकर होंगे जी?" झालं! कुणी म्हणतंय दहा हजार, कुणी म्हणतंय लाख, लागली भांडणं. योगिनी तेवढी लांब एका दगडावर जाऊन बसली. मी शेजारी जाऊन बसलो. अर्धा तास ती काही बोलली नाही आणि मला तर बोलायचंच नव्हतं. आमच्या संसारातला सगळ्यात चांगला अर्धा तास होता तो, खोटं नाही सांगत.

मग खिचडी खाल्ली आणि सगळे तंबूत आडवे झाले. आता तंबूंना लागून एक ओहोळ होता, अगदी करंगळीएवढा. बिष्टनं सांगितलं होतं, दुपारी ऊन तापलं की वरचा बर्फ वितळतो आणि ह्याची धार वाढते. पण ऐकतो कोण? तीनच्या सुमाराला दगडांतनं आवाज आला... खुर्रर्र... खुर्रर्र... फुस्स! अगदी आमच्या नळासारखा हो! आधी हवा, मग थुंकल्यासारखं, आणि मग भळाळळा! आणि एकदम कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं!"

मी नाही! आईशप्पथ, मी नाही! योगिनी! डोळे मिटलेले, केस सुटलेले, झोपेतच उठून पळाली! आणि मग काय विचारता, सगळ्या तंबूंच्या चेनी एकदम उघडल्या! पायात मोजे, हातात मिळेल ते, आणि ओहोळावर लागली लाईन! अहो, लाईन! शेजारी एवढं समुद्रासारखं तळं, आणि आमच्या लोकांनी नंबर लावले! शौकतभाई कुकर घेऊन, "पैले मेरा नंबर था!" कुणीतरी मागनं ओरडतंय, "मोटार लावू नका रे कुणी, धार कमी होती!" खिचडीचं पातेलं भरलं, डबे भरले, थर्मास भरले, टोप्या भरल्या, रेनकोट चौघांनी चार कोपरे धरून भरला! आणि मी? मी पण दोन बादल्या घेऊन पळतोय! पण तोंड घट्ट मिटून, बरं का, नाव काढायचं नाही म्हणजे नाही!

बिष्ट धावत आला, "आग लगी क्या?" मग त्यानं ती भरलेली भांडी बघितली, आमच्याकडं बघितलं, तळ्याकडं बोट केलं आणि एकदम गरीब आवाजात विचारलं, "सर जी... ये कहीं जा रहा है क्या?"

मग आले सगळे भानावर. असे हसले, असे हसले, की शौकतभाई कुकरसकट खाली बसले. एकटी योगिनी हसली नाही. तिच्या हातात पातेलं होतं, काठोकाठ. तिनं पातेल्याकडं बघितलं, तळ्याकडं बघितलं, आणि डोळे भरून आले तिचे. "बघा ना हो... इथं येऊन पण भरलंच मी."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं? दोनच दिवस उरले होते! तोंड मिटून बसलो असतो तर पैज माझ्या खिशात होती! पण ते तोंड बघवेना हो मला. मी पातेलं घेतलं, ओतून टाकलं, तिला हाताला धरून दगडावर नेऊन बसवलं, आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "अगं, हे पाणी कुठं जात नाही. हे पाणी बंद व्हायचं नाही. तू बस, पाणी बघ!"

तिनं ओढणीनं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि वळून काय म्हणावं? "शौकतभाई! ऐकलं ना? तीनदा म्हणाले!"

"हौ भाभी, तीन बार! मैं गवाह!"

आणि मग ती जी हसायला लागली... अंधार पडेपर्यंत तिथंच बसली, हात मांडीवर ठेवून, रिकामे.

तर आता सातवा महिना चालू आहे. बुधवार आला, की मी रजा टाकतो, मोटार लावतो, पिंपं भरतो, कळशा भरतो, वाट्या पण भरतो. आणि योगिनी? दारात खुर्ची टाकते, चहा घेते, आणि दोन तास नुसती बसून बघते. इतकी खूश असते, इतकी खूश असते, की परवा मी बादली खाली ठेवून विचारलंच, मग तेरा हजार फूट चढलो कशाला? तर म्हणते, "बोलू नका, सांडेल."