वाईच्या घाटावरच्या चपला

उंब्रज पोलीस ठाणे, दि. १३/११/२०२४

मी रंगूबाई नाथाजी साळुंखे, वय ५९ वर्षे, धंदा शेती व घरकाम, रा. उंब्रज, ता. कराड, जि. सातारा. समक्ष ठाण्यात हजर राहून सांगते की, माझ्या पतींनी खबर दिली असली तरी मी व माझी सून क्रांती, वय ३२, हरवलेलो नाही. आमी दोघी धडधाकट तुमच्यासमोर बसलोय.

माझा मुलगा यशराज सैन्यात आहे. लग्नास सात वर्षे झाली, मूल नाही. माझे पती नाथाजी हे रिटायर सुभेदार असून, तुळशीचे लग्न झाले की सुनेला माहेरी पोचवायची व पोराचे दुसरे बघायचे, असे ते घरात बोलले. क्रांतीने ते ऐकले. त्यानंतर ती भाकरी सगळ्यांची करायची, स्वतः जेवायची नाही.

काल मंगळवारी वाईला ढोल्या गणपतीला जातो असे सांगून मी तिला उलट्या दिशेला, सांगलीला नेले. खरे सांगितले असते तर मालकांनी उंबरा ओलांडू दिला नसता. सांगलीच्या गणपतीला हात जोडले, म्हणजे देवाच्या नावाने खोटे बोलले असे कुणी म्हणू नये. फोन मीच बंद केला.

दवाखान्यात एएमएच म्हणून रक्ताची तपासणी केली. बाईच्या पोटात बीज किती शिल्लक आहे त्याचा अंदाज त्यात लागतो. मी तिला उपाशी नेले होते. लॅबमधली मुलगी म्हणाली, "आवं मावशी, याला उपाशी लागत न्हाई. खाऊ घाला तिला."

रिपोर्ट आज सकाळी मिळणार म्हणून रात्री माझ्या बहिणीकडे राहिलो. रिपोर्टातला आकडा मी सांगणार नाही. तो क्रांतीचा आहे. डॉक्टर बाई म्हणाल्या, "बीज वयाच्या मानानं कमी आहे, पण कमी म्हणजे संपलं नव्हे. आता दिवस घालवू नका, आणि नवऱ्याचीही तपासणी करा." सात वर्षांत आमच्या घरात हे कुणाच्या तोंडून निघाले नव्हते, तेही लिहावे. त्या बाईंचे लय उपकार झाले. क्रांती तिथेच मोठ्यांदा रडली, आणि मग भडंगाचा अख्खा पुडा तिने एकटीने संपवला.

इकडे काल संध्याकाळपर्यंत आम्ही परतलो नाही म्हणून पती वाईला गेले. घाटाच्या पायरीवर बायकी चपलांचा जोड बेवारस दिसला. सुनेने जीव दिला असे त्यांच्या मनाने घेतले. तिथल्या लोकांनी नदीत उतरून शोध घेतला. ना ओळख ना पाळख, तरी उतरले. त्यांचे पाय धरावेत तेवढे थोडे. इथल्या महिला पोलीस सोनिया मॅडमना वाईच्या पोलिसांनी फोनवर कळवले होते, त्यांनी सांगितले की, पती गुडघाभर पाण्यात उभे राहून "क्रांते, आगं पोरी" अशा हाका मारत होते. माझे नाव एकदाही घेतले नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आज फोन चालू केल्यावर हे कळले, तशा आम्ही थेट ठाण्यात आलो. इथे क्रांतीने पतींपुढे रिपोर्ट धरला. त्यांनी तो न उघडता तिच्या पिशवीत ठेवला व म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तू घावलीस, बास. औंदा तुळशीचं लग्न तुझ्या हातनं हाय." मी यशराजच्या तपासणीचे सांगितले. म्हणाले, "रजा टाकाय सांगतो."

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. वरील मजकूर सोनिया मॅडमनी मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच खरा आहे. एक राहिले होते ते खाली घ्यायला लावले.

त्या चपला क्रांतीच्या नाहीत. तिच्या चपला तिच्या पायात आहेत. ज्या बाईच्या असतील ती बिचारी अनवाणी घरी गेली असेल, तिला त्या मिळाव्यात. पती बाहेर बाकावर त्या मांडीवर घेऊन बसलेत. मी दोनदा मागितल्या, देत न्हाईत.