बाविसावा तवा

जबाब. धान्यपेठ चौकी, अकोला. तारीख १० मे १९५८, सकाळी साडेनऊ.

नाव: भागीरथा जौजे देवमन सिरसाट. वय: अंदाजे तीस. धंदा: कापसाच्या जिनात मजुरी. राहणार: मूर्तिजापूर. जात: (आधी लिहिलेले खोडले) बौद्ध.

मी समक्ष चौकीत हजर राहून, कोणाच्या शिकवणीने नव्हे, सांगते की, माझे पती देवमन हे मूर्तिजापूरच्या मोतीराम भोंगेवाल्याकडे आठ वर्षे कामाला होते. लग्नात, जत्रेत भोंगा बांधायचा आणि ग्रामोफोनच्या बाज्यावर गाण्याचे तवे बदलायचे, हे त्यांचे काम. सन १९५५ च्या दिवाळीत मोतीरामने दुकान बंद केले. सिनेमाचे तवे त्याने विकले. भजन-आरतीचे बावीस तवे आणि एक जुना चाबीचा बाजा थकलेल्या पगाराच्या ऐवजी माझ्या पतीला दिला. मी तेव्हा समोर होते. नुसते तोंडी दिले नाही, एका तव्याच्या पाकिटावर लिहून दुकानाचा शिक्का मारून दिले. मोतीराम मागल्या वर्षी वारला.

पुढे आम्ही दीक्षा घेतली. घरातले देव गेले, फोटो पूर्णेत सोडले. तव्यांचे काय करावे हे कोणालाच समजेना. कोणी म्हणे बुडवा, कोणी म्हणे हे तर नुसतं गाणं हाय. बाज्याची स्प्रिंग तुटली होती, तेव्हा तसेही ते मुकेच. खाटेखाली खोक्यात पडून राहिले.

तारीख ३ मे, बुद्धजयंतीच्या दिवशी आमच्या वस्तीतले वडीलधारे बुधाजी घरी आले. माणूस लाखाचा, पण बोलला की बोलला. ते म्हणाले, "देव भिंतीवर ठेवला काय अन् खाटेखाली ठेवला काय, घरातच ठेवला ना बाई?" मग ठरले की तवे विकून टाकावे. पण पाकिटांवर देवांची रंगीत चित्रे होती. ती विकूही नये, जाळावी, असे बुधाजींनी सांगितले. पाकिटे मी माझ्या हाताने चुलीत घातली. बुधाजी उंबऱ्यात बसले होते. एक तवा फुटला म्हणून मी नाल्यात फेकला, असे मी त्या वेळी पतीला व बुधाजींना सांगितले.

तारीख ७ रोजी माझे पती एकवीस तवे घेऊन अकोल्यास आले व जुन्या सामानाचे दुकानदार खुशालराव यांच्याकडे विकण्यास गेले. गोवर्धनशेट नावाच्या व्यापाऱ्याच्या घरून तारीख ५ रोजी तवे चोरीस गेले होते व त्यांनी सर्व दुकानदारांना तसे सांगून ठेवले होते. खुशालरावांनी शेटना बोलावले. शेटनी तवे पाहून माझेच म्हणून सांगितले. माझ्या पतीस तेथूनच चौकीत आणले. "तुमच्या घरी एवढे तवे? जेवाले ताटं तरी हायेत का?" असे त्यांना विचारण्यात आले. कोणी विचारले ते लिहिता येत नाही, असे जमादार साहेब म्हणतात. मी म्हणते, नका लिहू, मला नाव माहीत आहे.

तारीख ८ रोजी मी बुधाजींना घेऊन येथे आले. साहेबांना म्हटले, "कोन्ताबी तवा लावा. मी भिंतीकडे तोंड करतो. सुई कुठं अटकते ते आधीच सांगतो." खुशालरावांच्या दुकानातला बाजा आणून तीन तवे लावले. तिन्ही मी बरोबर सांगितले. साहेब हसले व शाबास म्हणाले, परंतु याला कागद म्हणत नाहीत, असेही म्हणाले. माझे पती आतून ओरडून म्हणाले, "कागद होता साहेब, आमीच जाळला!" बुधाजींनीही, पाकिटे माझ्यासमोर जळाली, असाच जबाब दिला. ते खोटे बोलत नाहीत.

काल दुपारी पतीस भाकर देण्यास गेले तेव्हा त्यांच्या डाव्या कानातून रक्त येत होते. ते पाय घसरून पडले, असे मला सांगण्यात आले.

आता खरे सांगते. कागद जळालेला नाही. खोटे मी बोलले. तवा फुटला नव्हता. तो मी पाकिटासकट ज्वारीच्या कणगीत दडवला होता, आणि मोतीरामने लिहिले ते त्याच पाकिटावर. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. दोन दिवस मी या बाकावर बुधाजींच्या शेजारी बसून होते. दातखीळ बसली होती मेलीची! कानाचे रक्त पाहिले तेव्हा उठले. रात्रीच्या पॅसेंजरने घरी गेले आणि पहाटेच्या गाडीने तवा घेऊन आले. पाकिटावर पाळण्यातल्या कृष्णाचे चित्र आहे. मागील मजकूर जमादार साहेबांनी वाचला: 'बाज्यासह बावीस तवे देवमन यास पगाराऐवजी दिले', तारीख, शिक्का. एकवीस येथे जमा आहेत, हा बाविसावा. पतीस दुपारपर्यंत सोडतो, असे साहेबांनी सांगितले. तवा मुद्देमालात जमा केला.

हा एकच कावून ठेवला, असे विचारल्यावरून सांगते की, मला आवडतो. दुसरे कारण नाही. मी देवाला हात जोडत नाही. शपथ घेतली ती घेतली. बाजा बंद, तवा वाजतही नाही. घरात कोणी नसले की काढून मांडीवर घेते, गाणे आपोआप आठवते. एवढ्यासाठी मी नवऱ्याचा कान घालवला. माह्यासारखी करंटी मीच.

बुधाजी बाहेर ओसरीवर बसले आहेत. तरी कणगीपासून पुढचे हळू वाचावे, अशी माझी विनंती आहे.

शेरा: तसे करता येत नाही, असे बाईस समजावले. जबाब दार उघडे ठेवून अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचला. बुधाजी यांनी साक्षीदार म्हणून सही केली. अटकेतील इसम देवमन याने आतून, शेवटचे ऐकू आले नाही, पुन्हा वाचा, असे म्हटले. सबब कणगीपासून पुढे पुन्हा वाचले. बाईने दोन्ही वेळा, बरोबर आहे, असे सांगून डाव्या हाताचा अंगठा दिला.