दोरीचं मागचं टोक

(नासिएकू बहिरी आहे आणि ती फक्त हातांनी बोलते. चेरुइयोतला हातांची भाषा येत नाही; त्याला इथे 'अफांदे', म्हणजे साहेब, म्हणतात. ओन्यांचाला दोन्ही येतं. वेगळं दिलेलं नसेल आणि बोलणं खुद्द त्याच्याशी नसेल तिथे तो एकाचं दुसऱ्याला जसंच्या तसं सांगतो.)

चेरुइयोत: कप खाली ठेवायला सांगा तिला.

ओन्यांचा, तोंडाने: पिऊ द्या की, अफांदे. कालपासून पोटात काही नाही तिच्या.

चेरुइयोत: हातात कप असेपर्यंत ती बोलणार कशी? मला उजेड आहे तोवर नारोकला पोचायचंय. रस्ता कसा आहे तुम्हाला माहीत आहे.

ओन्यांचा, हातांनी: कप ठेव. विचारायला सुरुवात करतोय.

नासिएकू: हा वन्यजीव खात्याचा ना? याला विचार, किसेमेईला शवागारातून कधी सोडणार.

ओन्यांचा, तोंडाने: किसेमेई आम्हाला कधी मिळेल, विचारतेय.

चेरुइयोत: माझं काम संपलं की लगेच. तिचा कोण होता तो?

नासिएकू: नात्याने कोणी नाही. शाळेत माझ्या वरच्या वर्गात होता, बहिऱ्यांच्या शाळेत. मी इथे भांडी घासत होते. त्याने मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं आणि गाइड केलं.

चेरुइयोत: बरं. मग तिलाच विचारतो. गाइड कर्णबधिर, पाहुणे ब्राझीलहून आलेले, तेही सगळे कर्णबधिर. त्यांना पायी जंगलात न्यायचं, हे कोणाच्या डोक्यातून निघालं?

नासिएकू: बहिरे म्हटलं तरी चालेल, याला सांग. किसेमेईच्या डोक्यातून. बाकीच्या कॅम्पमध्ये ऐकणारा गाइड पाठ करून बडबडत राहतो आणि दुभाष्या हात हलवत राहतो. आमच्या माणसाने सिंह बघायचा की दुभाष्या? सिंह बघावा तर गोष्ट जाते आणि गोष्ट बघावी तर सिंह जातो. इथे आम्ही आधी सांगून घेतो, मग सगळे मिळून बघतो. लोक या एवढ्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडून येतात.

चेरुइयोत: ते छानच आहे. पण मागून रानरेडा आला तर तुम्हाला कळणार कसं?

नासिएकू: याला कसं कळतं? रानरेडा काय हाक मारून येतो? आम्ही थांबलो की गोल करून उभे राहतो. समोरच्याच्या पाठीमागचं मी बघते, माझ्या पाठीमागचं तो बघतो. आमच्यात बोलणाऱ्याची पाठ कधी उघडी नसते.

चेरुइयोत: उभं असताना ठीक. चालताना काय?

नासिएकू: चालताना दोरी. पुढच्यापासून मागच्यापर्यंत एकच, सगळ्यांच्या हातात. एक हिसका म्हणजे थांबा. दोन म्हणजे तिथल्या तिथे पालथे पडा. आणि दोरी सैल सोडली म्हणजे सगळं ठीक आहे, वळा, गोल करा, बोला.

चेरुइयोत: पुढच्या टोकाला किसेमेई होता. मागच्या?

नासिएकू: हा होता.

ओन्यांचा, तोंडाने: मी, अफांदे.

चेरुइयोत: हो, तुम्ही काल सांगितलंत. बंदूकवाला वळणापलीकडे बघायला गेला होता, बाकीचे सगळे वाळूतले ठसे बघत होते. रेडा पुढच्या झुडपातून निघाला तो तुम्हालाच आधी दिसला आणि तुम्ही घसा फुटेस्तोवर ओरडलात. किसेमेईला ऐकू गेलं नाही. ऐकू गेलं असतं तर आज असता. यात तिला काही वेगळं म्हणायचंय का?

ओन्यांचा, हातांनी: तुला काही वेगळं सांगायचंय का, विचारतोय.

नासिएकू: एवढंच नाही विचारलं त्याने. त्याचं तोंड बराच वेळ हलत होतं.

ओन्यांचा, हातांनी: म्हणाला, मी ओरडलो. किसेमेईला ऐकू आलं नाही, म्हणून तो गेला.

नासिएकू: हे तू सांगितलंस त्याला?

ओन्यांचा, हातांनी: ओरडलो होतोच ना मी.

नासिएकू: ओरडलास. बहिऱ्यांना. आता मी सांगते ते सांग. मी दोरीच्या मध्यावर होते. मला एकही हिसका आला नाही. मागून दोरी एकदम सैल पडली. मला वाटलं, ओन्यांचाला काहीतरी सुंदर दिसलं. किसेमेईलाही तसंच वाटलं असणार, कारण तो हसत वळला. आम्हाला गोलात बोलवायला त्याने दोन्ही हात वर केले होते, आणि रेडा त्याच्या पाठीशी होता. मी हात उचलेपर्यंत सगळं झालं होतं. ओन्यांचाने दोरी टाकली. सांग.

ओन्यांचा, तोंडाने: ती म्हणतेय, दोरी होती सगळ्यांच्या हातात. पण रेडा आल्यावर गोंधळ उडाला आणि दोरी सुटली. किसेमेई मागे वळला, तेवढ्यात रेड्याने गाठलं.

चेरुइयोत: अशा गोंधळात कोणाचीही सुटेल. बिचारी.

नासिएकू: काय सांगितलंस?

ओन्यांचा, हातांनी: तू म्हणालीस तेच.

नासिएकू: त्याचा चेहरा बघ. हललासुद्धा नाही. माझं बोलणं पोचलं असतं तर त्याने आधी तुझ्याकडे बघितलं असतं. तो अजून माझ्याकडेच बघतोय, माझी कीव करत.

चेरुइयोत: तुमचं आपसात काय चाललंय?

ओन्यांचा, तोंडाने: काही नाही, अफांदे. दमलीय ती.

नासिएकू: दमलीय म्हणालास. एवढे ओठ येतात मला वाचता. ओन्यांचा, तुझी आई बहिरी. बोलायच्या आधी तुला हातांनी मागता येत होतं. तिला हाक मारायची असली की काय करायचास?

ओन्यांचा, हातांनी: जमिनीवर पाय आपटायचो.

नासिएकू: म्हणजे रांगत्या पोराला कळत होतं.

ओन्यांचा, हातांनी: मी ठरवून केलं का? रेडा दिसला आणि तोंड उघडलं. आवाज लांब जावा म्हणून दोन्ही हात असे तोंडाभोवती धरले. दोरी पडली हे मला मागाहून कळलं.

नासिएकू: मग हेच सांग त्याला.

ओन्यांचा, हातांनी: सांगितलं तर मला आत टाकतील. पोरं लहान आहेत माझी. त्याने किसेमेई उठून येणार आहे का?

नासिएकू: किसेमेई नाही येणार. पण त्याची आई तिकडे ऊर बडवतेय, बहिऱ्या पोराला शेळ्यांमागेच ठेवलं असतं तर बरं झालं असतं म्हणून. शेजारणी माना डोलावतायत. उद्या हा माणूसही खात्यात जाऊन तेच सांगणार. बहिरे जंगलात चालायच्या लायकीचे नाहीत. मग मी परत भांड्यांपाशी, आणि त्याने तयार केलेले बाकीचेही. बहिरा होता म्हणून नाही मेला तो. त्याने तुझ्या हातावर विश्वास ठेवला म्हणून मेला.

चेरुइयोत: अहो, मी इथे बसलोय.

ओन्यांचा, तोंडाने: एक मिनिट, अफांदे.

नासिएकू: मी तुला आमच्यातला समजत होते. ते जाऊ दे. पण या माणसासमोर माझं तोंड म्हणजे तू आहेस, आणि माझ्या तोंडून मी न बोललेलं निघालं. ते मला सहन होत नाही.

ओन्यांचा, तोंडाने: अफांदे, मघाशी मी नीट सांगितलं नाही. आता तिचं बोलणं तिच्याच शब्दांत सांगतो. 'मी दोरीच्या मध्यावर होते. मला हिसका आला नाही. दोरी सैल पडली. आमच्यात सैल दोरी म्हणजे सगळं ठीक आहे. म्हणून किसेमेई हसत वळला. ओन्यांचाने दोरी टाकली. तो बहिऱ्यांना ओरडून सांगत होता.'

चेरुइयोत: ओन्यांचा म्हणजे तुम्हीच.

ओन्यांचा, तोंडाने: मीच.

नासिएकू: आता हलला त्याचा चेहरा.

चेरुइयोत: आणि तुमचं काय म्हणणं?

ओन्यांचा, तोंडाने: खरं आहे ती म्हणते ते. दोन हिसके दिले असते तर सगळे पालथे पडले असते. किसेमेईसुद्धा. वेळ होता तेवढा.

चेरुइयोत: किती दिवस आहात या लोकांत?

ओन्यांचा, तोंडाने: जन्मापासून, अफांदे. आई बहिरी माझी.

चेरुइयोत: हं. बसा, बसा. घाबरला की माणूस ओरडतोच. तुमच्या जागी मीही ओरडलो असतो. तुम्ही खरं बोललात, मी तसं कळवीन, पण एवढ्यासाठी तुम्हाला कोणी आत टाकत नाही. मला पुढचं बघायचंय. जन्मभर यांच्यात राहिलेल्या माणसाच्या हातून दोरी सुटते, तर त्या दोरीच्या भरवशावर मी परवानगी देऊ शकत नाही. यापुढे पायी जायचं तर सगळ्यांच्या पुढे ऐकू येणारा माणूस हवा, शिवाय हातांची भाषा येणारा. असा कोणी असेल तर चालू ठेवा, नाहीतर बंद. आहे का इथे कोणी?

नासिएकू: काय म्हणाला? सगळं सांग.

ओन्यांचा, हातांनी: मला काही होणार नाही म्हणाला. घाबरलेला माणूस ओरडतोच म्हणाला.

नासिएकू: आणि आमचं?

ओन्यांचा, हातांनी: पायी फिरणं चालू ठेवायचं असेल तर किसेमेईच्या जागी ऐकू येणारा माणूस हवा. हातांची भाषा येणारा. पुढे बहिरा चालणार नाही.

नासिएकू: असा कोण आहे इथे?

ओन्यांचा, हातांनी: मी.

चेरुइयोत: काय म्हणतेय ती?

ओन्यांचा, तोंडाने: काही नाही, अफांदे. तिने हात मांडीवर ठेवलेत.