माणूस कडेला, देखावा मधी

…आन वरतून मलाच इचारतो, "भुजंगराव, यात तोंड कुठाय री?" आता तुमीच सांगा, फोटो काढायला त्यानंच शिकवलं, रोल त्यानंच धुतला, आन तोंड कुठाय हे मी सांगायचं व्हय? मलप्पा म्हणजे आमच्या लातूरचा फोटोवाला, मूळचा निलंग्याकडचा, बोलता बोलता मधीच एक 'री' लावतो, स्टुडिओत मागं बर्फाच्या डोंगराचा पडदा हाय आन पुढं शेपूट मोडलेला मातीचा मोर. त्याला म्हणलं, मलप्पा, आमची सिंधु गेली, रविवारी तिच्या नावानं पुण्यानुमोदन हाय, भंतेजी येणार, सासुरवाडी येणार, टेबलावर बायकोचा फोटो पायजे का नको? बाकी काई मागत न्हाई, एक तोंड दे! तर हा माझा सगळा अल्बम उलटापालटा करतो आन म्हणतो, "किल्ला हाय, झाड हाय, ढग तर लई हायत… बाई कुठाय?"

तुमाला सांगतो, कॅमेऱ्याची काई चूक न्हाई.

लातूरचा नवीन जिल्हा झाला, हाफिसं आली, टेबलं आली, खुर्च्या मागून येणार म्हणले, तर दोन महिने आमी कारकून टेबलावरच मांडी घालून सरकार चालवत व्हतो. आमच्या साहेबांकडं एक अल्बम व्हता, परवासाचा. काय ते फोटो! दरी काय, धबधबा काय… मी रोज फाइल घेऊन जायचो आन फाइल ठिवून अल्बम बघायचो. साहेबांची बदली झाली तवा निघता निघता म्हणले, "भुजंग, तू फायली कमी बघितल्यास, फोटोच जास्त बघितलेस. हा जुना कॅमेरा घे." काळा डबा, एका रोलात बारा फोटो. बाराच! श्वाससुद्धा मोजून घ्यावा लागायचा.

पयली सहल खरोश्याच्या लेण्यांची. सिंधु नवं पातळ नेसली, केसाला तेल लावलं, आन लेण्यापुढं अशी ताठ उभी राहिली की झेंडावंदन चालू हाय. मी बारा फोटो काढले, बाराच्या बारा तिचे. धुवून आले तर काय? एकालाबी मुंडकं न्हाई! त्या डब्याच्या भोकातून दिसतं एक आन रोलवर उतरतं त्याच्या खालचं, हे मला कोण सांगणार? पातळ मात्र लई साफ आलं व्हतं, काठसुद्धा मोजून घ्या.

मलप्पानं कपाळाला हात लावला. "अय्यो! बाईला मुंडकं न्हाई, लेण्याला जागा न्हाई! हा परवासाचा फोटो हाय का पातळाची जाहिरात? हे बघा री, माणूस कडेला, देखावा मधी! माणूस फक्त मापाला. बघणाराला कळाय पायजे, देखावा केवढा मोठा हाय!"

माणूस कडेला, देखावा मधी. मी हे पाठ केलं, साहेबांच्या नोटिंगसारखं. तवापासून सिंधु माझं माप झाली. उदगीरचा किल्ला केवढा? तर सिंधु त्या बुरुजापाशी. माळावरचं एकटं कडुलिंबाचं झाड केवढं? सिंधु त्या बुडाला. मी हिकडून वरडायचो, "आजून माघं! आजून! जरा डावीकडं!" आन ती बिचारी माघं जायची, माघं जायची, एकदा तर इतकी माघं गेली की दुसऱ्याच गावच्या एश्टीचा कंडक्टर तिला म्हणला, "बाई, यायचंय का?"

घरी आल्यावर म्हणायची, "अवो, एक तरी जवळून काढा की. तोंड दिसू द्या." मी म्हणायचो, "अगं थांब, शिकून राहिलो."

आन त्यात दुष्काळ. तुमाला वाटंल, दुष्काळाचा आन फोटोचा काय संबंध? रोल धुवायला पाणी लागतंय की! गावात नळाला पंधरा दिवसांनी फुसफुस व्हायची आन मलप्पानं दारावर पाटी लावली, 'जो पाणी आणील त्याचाच रोल धुतला जाईल.' म्हणजे फोटो आमचा, पाणीबी आमचं! टँकरपुढं कोण उभी राहायची? सिंधु. तीन तास उभी राहून दोन घागरी मिळायच्या, त्यातली एक मी उचलून मलप्पाकडं न्यायचो. शेजारीण गुणाबाई वरडायची, "अगं, लोकायला प्यायला न्हाई आन तुझा नवरा चित्रं धुतो!" सिंधु म्हणायची, "धुऊ द्या. ह्यायचं शिकणं व्हाय लागलंय."

तिला एकच हौस, भरपूर पाणी बघायची. म्हणून मी तिला नांदेडला नेलं, तिथून विष्णुपुरीला. धरणाचं काम चालू व्हतं, पण गोदावरी आडवली व्हती, आन पाणी… पाणी असं की ती काठावर जाऊन नुसती बघतच राहिली. मंग वळली, हसली आन म्हणली, "आता इथं काढा माझा. जवळून." मी रोल बघितला. आकरा झाले व्हते. एकच शिल्लक! एक फोटो आन समोर एवढं पाणी… तुमी काय केलं असतं? मी म्हणलं, "पुढच्या रोलात नक्की. आता जा, त्या कडेला उभी राहा. आजून माघं."

गेली.

तुमाला सांगतो, कॅमेऱ्याची काई चूक न्हाई.

तो फोटो धुवून आला आन मलप्पा खुर्चीतून उठलाच! "जमलं री, भुजंगराव! ह्याला म्हणायचं परवासाचा फोटो!" स्टुडिओच्या काचेत लावला. लोक थांबून थांबून बघायचे, त्या दिवसात पाण्याचा फोटोबी लोकायला गार वाटायचा. सिंधुला दाखवला. म्हणली, "यात मी कुठाय?" म्हणलं, "ही काय." म्हणली, "ही? अवो, ही तर मुंगी!" लई हसली. मंग म्हणली, "पाणी मात्र छान आलंय."

त्याच उन्हाळ्यात तिला कावीळ झाली. डाक्टर म्हणले, पाण्यातून. आठ दिवसात संपलं. पुढचा रोल कॅमेऱ्यात तसाच हाय, कोरा.

सगळे म्हणले, भुजंग, रडून घे. म्हणलं, व्हय, घेतो. आजून घ्यायचंच हाय. कामं किती व्हती! ह्याला कळवा, त्याला कळवा, फोटो हुडका. लग्नात फोटो काढला न्हवता, रेशनकार्डावर बायकोचं नाव असतं, तोंड नसतं. मलप्पानं त्या पाण्याच्या फोटोतली सिंधु मोठी केली, आजून मोठी केली, तर नुसते ठिपके. मंग म्हणला, "काळजी नको री, मी ब्रशनं तोंड काढतो. सांगा, नाक कसं व्हतं?"

नाक… नाकासारखं. तुमाला सांगतो, पाच वर्सं मी त्या बाईकडं एक डोळा मिटून बघितलं आन मला नाक सांगता येईना! हनवटी सांगता येईना! उंची सांगितली. बुरुजाचा कितवा हिस्सा, ती एकदम बरोबर सांगितली. मलप्पानं आपल्या मनानं तोंड काढलं, तर ती निघाली त्याची बायको गौरम्मा. आता तिला हार कसा घालावा? चांगली जित्ती, आत च्या करून राहिली व्हती!

शेवटी तो पाण्याचाच फोटो मोठा करून काचेत बसवला आन रविवारी टेबलावर ठिवला. भंतेजी आले, फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन मेणबत्ती पेटवली. वंदना झाली. मंग सासू पारूबाई उठली, काचेला नाक लावून म्हणली, "जावईबापू, माझी लेक कुठाय?" मी बोट ठिवलं. म्हणलं, "ही काय, मामी." म्हातारीनंबी तिथंच बोट ठिवलं, मंग मेव्हण्यानं, मंग गुणाबाईनं… काचेवर त्या कोपऱ्यात बोटांचा डागच पडला. म्हातारी म्हणली, "मला आजूनबी ती दिसत न्हाई त्यात… पाणी मात्र लई हाय."

मंग हार घातला. आता हार कसा असतो? दोन्ही कडंनी खाली येतो आन मधी मोकळं राहतं. आन सिंधु कुठं उभी हाय? कडेला! बरोबर झेंडूच्या फुलांखाली! हार तसाच ठिवला तर ती दिसत न्हाई, आन सारला तर तो धरणाला घातल्यासारखा दिसतो. रोज सकाळी हाफिसला निघायच्या आधी मी तो हार दोन बोटं सरकवतो, तिला बघतो, आन परत सरकवतो.

बाकी काई म्हणा, देखावा अगदी मधी आलाय.