तेल लावलेले हत्ती

माझी एक खोडी अशी उलटली, की अजून मलाच राग येतो बापा. आमच्या रोहण्याचे वामनकाका लांबट फुगे पिळून हत्ती, माकडं करत. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत रंगवार पुड्या, फुगे चिकटू नयेत म्हणून पुडीपुडीत शंखजिऱ्याची पांढरी पूड, आणि कडेला सायकलचा पंप. कोणी हात लावला की ओरडत, "माही रचना मोडू नोको."

गिरडच्या जत्रेआधी मी गंभीर तोंडानं म्हटलं, "काका, चामड्याच्या जोड्याले जवसाचं तेल लावते न आपण? रबर बी तसंच नरम राहीन." तेलानं रबर कुजतं, हे मला ठाऊक होतं. भल्या माणसानं एकेक फुगा तेलानं चोळून पुन्हा रंगवार लावला.

जत्रेत पहिला हत्ती गिऱ्हाइकाच्या हातातच फुटला. दुसराही. जत्रेवरच काकांचं वर्ष निघायचं. ते घामाघूम झाले आणि मी झाडाआड. पण लोक हसत सुटले. "आता मले देजो, काका," म्हणत रांगच लागली. दुपारी पेटी रिकामी.

पुढच्या साली काकांनी शहाणपणानं शंखजिरंच लावलं. एका म्हातारीनं हत्ती दाबदाबून पाहिला आणि परत आणून दिला. "बाबू, हा काऊन फुटून नाई राह्यला? मागच्या साली माल चांगला होता."